समोरच्याला कळतं का?

बाई फोन कधी बसून घेत नसत. घंटी वाजली की आधी खुर्चीतून उठायच्या, पदर सारखा करायच्या आणि रिसीव्हर उचलून 'हॅलो'च्या जागी आमच्या ऑफिसचा नंबर म्हणायच्या. सगळे आकडे, एकेक सुटा. पलीकडचा माणूस गोंधळायचा, कारण तो नंबर त्यानेच तर लावलेला असायचा. बोलणं संपलं की 'बरं', 'ठेवते' असलं काही नाही. काम झालं, लाइन कट. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई रागावल्या. जुन्यांना सवय झाली होती.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. बाई आणि आम्ही चौघं, एवढाच स्टाफ. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या वीसेक छोट्या कंपन्या, दवाखाने आणि सीएंची ऑफिसं यांचे कॉम्प्युटर आम्ही सांभाळायचो. हा धंदा बाईंनी पन्नाशीत सुरू केला. त्याआधी पंचवीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. एक्स्चेंजमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा ते शिकायला सगळ्यांत आधी त्या गेल्या, आणि ऑपरेटरांची गरज संपली तेव्हा स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्मही सगळ्यांत आधी त्यांनीच भरला. 'वाट बघत बसलं की माणूस कुजतं,' म्हणायच्या.

एक्स्चेंज मात्र त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. तिथे त्यांच्या शिफ्टला बारा चाळीसला जेवणाची सुट्टी व्हायची, म्हणून आमच्याकडेही सगळ्यांनी बारा चाळीसलाच जेवायचं. बुधवारी त्यांच्या डब्यात सुकटीची चटणी असायची आणि एसी बंद करून खिडक्या उघडाव्या लागायच्या. कोणी नाक मुरडलं तर म्हणायच्या, 'सर्व्हरला वास येत नाही.'

आणखी एक सवय होती, ती मला बरीच वर्षं खुपत राहिली. बाई कोणाला काही विचारायच्या नाहीत. कामाचं विचारायच्या, खोदून खोदून विचारायच्या, पण त्यापलीकडे एक शब्द नाही. मी त्यांच्याकडे लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. चार वर्षांत त्यांनी मला कधी विचारलं नाही की तू राहतेस कुठे, घरी कोण असतं, लग्न झालंय का. माझे वडील आजारी होऊन घाटकोपरच्या हॉस्पिटलात होते तेव्हा मी रोज दुपारी निघायचे. बाई घड्याळ बघून फक्त 'नीघ' म्हणायच्या. सुट्टीला कधी नाही म्हणाल्या नाहीत, पगार कापला नाही. पण वडील कसे आहेत, हे काही त्यांनी विचारलं नाही. मला वाटायचं, ही बाई दगड आहे. भाऊ, म्हणजे आमच्यातला सर्वांत जुना टेक्निशियन, मला समजवायचा, 'अगं, तिचा स्वभावच तसा आहे. मनाला लावून घेऊ नको यार.' पण मनाला लागायचं ते लागायचंच.

रिमोट घ्यायचं ठरलं ते घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमुळे. लॅबच्या सर्व्हरची डिस्क भरली आणि अर्धा दिवस एकाही पेशंटचा रिपोर्ट निघाला नाही. भाऊ मरोळहून पोचेपर्यंत माणसांची रांग जिन्यापर्यंत आली होती. आता, डिस्क काही एका दिवसात भरत नाही. महिनाभर ती भरतच होती, फक्त आम्हाला दिसत नव्हती.

हे दिसावं म्हणून सॉफ्टवेअर असतं. कंपन्या त्याला लांबलचक नाव देतात, आम्ही नुसतं 'रिमोट' म्हणायचो. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक मशीनवर एक छोटा प्रोग्राम बसवायचा. मग तो आपल्याला मरोळमध्ये बसल्या जागी सांगत राहतो, की या मशीनची डिस्क भरत आली, त्या मशीनने तीन आठवडे अपडेट घेतलं नाही, अमक्याचा अँटीव्हायरस संपला. आणि काही बिघडलंच, तर त्या मशीनचा पडदा आपल्याकडे उघडून इथूनच दुरुस्त करता येतं. आमच्या धंद्यातल्या बहुतेकांनी ते केव्हाच घेतलं होतं. बाईंनाच घाई नव्हती. त्या लॅबनंतर मात्र त्या म्हणाल्या, 'घेऊया. पण वापरून बघून घेऊया. साडी आरशासमोर लावून बघतात तसं नाही, नेसून बघायचं.'

पहिलं आम्ही नेसून बघितलं ते फार बोलकं निघालं. कोणी मशीन बंद करून घरी गेलं तरी धोक्याची सूचना, प्रिंटरमधला कागद संपला तरी सूचना. दोन दिवसांत आम्ही सूचना वाचणंच सोडून दिलं. बाई म्हणाल्या, 'ही खिडकीतली शेजारीण आहे. कोण आलं, कोण गेलं, सगळं सांगणार. आणि घराला आग लागेल तेव्हा हिच्याकडे कोणी लक्ष देणार नाही.' ते काढलं.

दुसरं आम्हा चौघांनाही आवडलं. मोजकं सांगायचं, अपडेट बिनबोभाट करायचं, पडदा एका क्लिकमध्ये उघडायचा. ते विकणारा तरुण व्हिडिओ कॉलवर मोठ्या हौसेने दाखवत होता. 'आणि मॅडम, तुम्ही आत गेलात हे युजरला कळतसुद्धा नाही.'

'पुन्हा सांगा,' बाई म्हणाल्या.

'युजरला कळत नाही, मॅडम. त्याचं काम चालू राहतं. त्याला काही डिस्टर्ब नाही.'

 बाईंचं मन नव्हतं, ते आम्हाला दिसत होतं. पण आम्ही चौघं त्यांच्या मागे लागलो, लॅबची आठवण करून दिली आणि त्यांनी महिनाभराच्या ट्रायलला होकार दिला. ट्रायलसाठी आमच्यापासून दोन गल्ल्यांवरची एक कंपनी निवडली. पंपाचे सुटे भाग बनवणारी, ऑफिसात अकरा मशीनं. काही घोटाळा झालाच तर चालत जाता येईल, एवढाच विचार होता. मालकांना विचारलं, ते हो म्हणाले. मालकांना विचारलं म्हणजे सगळ्यांना विचारलं, असं आम्ही धरून चाललो. बाईंनीही तसंच धरलं. 'ती चूक माझी,' असं त्यांनी पुढे कित्येकदा बोलून दाखवलं, पण त्याने माझी चूक काही कमी होत नाही.

त्या कंपनीत डिस्पॅच सांभाळणारे एक काका होते. पन्नाशी उलटलेले, एकोणीस वर्षं त्याच टेबलावर. मशीन अडलं की ते मलाच फोन करायचे, कारण मी एकदा त्यांचं की-बोर्डवरचं मराठी नीट करून दिलं होतं. ट्रायल चालू असताना एके दिवशी त्यांचा फोन आला. 'मॅडम, मशीन फार हळू चालतंय. तुम्हाला वेळ असेल तेव्हा बघा, घाई नाही.' मी म्हटलं, बघते.

जेवण झाल्यावर मी त्यांचा पडदा उघडला. रिमोटमुळे जायची गरज नव्हती. पडद्यावर बायोडेटा होता. काका स्वतःचा बायोडेटा टाइप करत होते. एकेक अक्षर शोधत, खोडत, परत लिहीत. 'अनुभव' या शब्दापुढे त्यांचा कर्सर बराच वेळ थांबला होता. मी पडदा बंद करायला हवा होता. मी तो मिनिटभर बघत राहिले. मग मागे चालणारे दोन-तीन फालतू प्रोग्राम काढले, आणि मशीन खरंच पळायला लागलं. काकांचा लगेच फोन आला, 'तुम्ही काहीतरी केलंत वाटतं. एकदम झकास चाललंय. थँक्यू हां.'

त्याच दुपारी उशिरा, दुसऱ्याच कामासाठी मालकांचा फोन आला. बोलता बोलता म्हणाले, 'डिस्पॅचचं मशीन स्लो आहे म्हणतात. करतो काय तो एवढं त्याच्यावर?' मला त्यांना दाखवून द्यायचं होतं की बघा, आम्हाला इथे बसून किती दिसतं. ट्रायल संपल्यावर त्यांनी हो म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं. मी हसून म्हणाले, 'काही नाही हो सर, काका बायोडेटा बनवतायत. त्याने काही मशीन स्लो होत नाही.'

मालकही हसले.

चार दिवसांनी काकांना घरी पाठवलं. आम्हाला ते कळलं मालकांच्या फोनवरून. बाई नेहमीसारख्या उभ्या राहून ऐकत होत्या. मालक मोठ्याने बोलायचे, त्यामुळे मला समोर बसून सगळं ऐकू येत होतं. 'तुमचं सॉफ्टवेअर एक नंबर आहे. जहाजावरून उडी मारायला निघाला होता, मीच आधी उतरवला. आता मला बाकीच्या दहाजणांचंही जरा दाखवा.'

बाईंनी फोन ठेवला. खुर्चीत बसल्या नाहीत. आम्हा चौघांकडे बघून म्हणाल्या, 'कोणी सांगितलं त्यांना?'

मी म्हणाले, 'मी.'

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, मालकांना नेमके कुठले शब्द बोलले, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, 'उद्या सकाळी काकांच्या घरी जायचं. तू आणि मी.'

'काय सांगायचं बाई?'

'झालं ते सांगायचं.'

दुसऱ्या दिवशी आम्ही मरोळहून रिक्षा केली. काका मुलुंडला राहायचे. रात्रभर विचार करून मी एक मुद्दा तयार केला होता, तो रिक्षा सुरू झाल्या झाल्या मांडला. काकांना माहीतच नाही की हे माझ्यामुळे झालं. सांगून त्यांची नोकरी परत मिळणार आहे का? नाही. उलट त्यांना जास्तच वाईट वाटेल. मग आपलं मन हलकं करायला त्यांना त्रास का द्यायचा?

 पवई मागे पडल्यावर बाई बोलायला लागल्या. त्यांच्या तोंडून एक्स्चेंजची गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. एरवी त्या फक्त सुट्टीच्या वेळा सांगायच्या.

ट्रंक कॉल जोडताना ऑपरेटरला दोन्हीकडचं ऐकू यायचं. दोघं बोलायला लागले की खटका खाली करायचा, म्हणजे आपल्याला ऐकू येणं बंद. नियम तसा होता. पण काही मुली खटका तसाच ठेवायच्या. गंमत म्हणून. एका दुपारी बाईंनीही ठेवला, कारण कॉल आखातातून होता आणि त्यांच्याच गावच्या पोस्टात जोडायचा होता. पलीकडचा माणूस सांगत होता, की अमक्याचा मुलगा कामावर अपघातात गेला, पण त्याच्या आईला एवढ्यात काही कळवू नका, आम्ही कागदपत्रं करून मग सांगतो. नाव बाईंच्या ओळखीचं होतं. त्या मुलाची आई भांडुपला त्यांच्याच चाळीत, दोन दारं सोडून राहायची.

'तीन दिवस ती माका जिन्यात भेटत होती,' बाई म्हणाल्या. 'मुलगा सुट्टीवर यायचा होता म्हणून तिने आंब्याची साठं वाळत घातली होती. माका म्हणते, ऑफिसातून येताना घट्ट झाकणाचा डबा मिळाला तर आण गो, त्याच्याबरोबर द्यायला. आणि मी आणला.'

बाईंनी पदर सारखा केला.

'नंतर तिला कळलं की तो कॉल आमच्या एक्स्चेंजमधून गेला. माका विचारलं तिनं, तुका म्हाइत होता काय गो? मी म्हटलं, नाय. त्यानंतर ती अकरा वर्षं शेजारी होती. रोज बोलायची माझ्याशी, चांगलं बोलायची. ऐकलं ती एक चूक. तिचं काही वाटत नाही आता, वय लहान होतं. पण ते जे 'नाय' म्हटलं ना, ते अजून आहे माझ्याजवळ. ती गेली, तरी ते आहे.'

एवढं बोलून त्यांनी रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितलं.

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. काका बनियनवर होते, आम्हाला बघून त्यांनी घाईने शर्ट चढवला. मला ओळखून त्यांना आनंद झाला, हे सगळ्यांत वाईट होतं. बायकोला म्हणाले, 'अगं, या त्या मॅडम. कॉम्प्युटरच्या.' तिने चहा टाकला.

चहा यायच्या आधीच मी सांगून टाकलं. एकदा चहा घेतला असता तर मला बोलता आलं नसतं. पडदा उघडला होता, बायोडेटा दिसला, मालकांनी विचारलं, मी सांगितलं.

काकांना आधी नीट कळलंच नाही. 'तुम्ही आला होतात ऑफिसला?'

'नाही काका. आमच्या ऑफिसातून दिसत होतं.'

'माझा स्क्रीन?'

'हो.'

'तेव्हा? मी लिहीत होतो तेव्हाच?'

'हो.'

ते हाताच्या तळव्याकडे बघत बसले. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको उभी होती. तीच बोलली. 'एकोणीस वर्षं यांनी नोकरी बदलायचं नाव काढलं नव्हतं. कंपनी वसईला न्यायची असं ऐकलं, म्हणून मीच यांच्या मागे लागले. म्हटलं, इथून वसई रोज झेपणार नाही, आत्ताच बघा कुठेतरी. घरी कॉम्प्युटर नाही. म्हणून तिथे लिहिलं. तुम्ही हसत सांगितलंत ना त्यांना? मालक यांना म्हणाले, सगळं ऑफिस हसतंय तुम्हाला.'

मी हो म्हटलं. हसत सांगितलं होतं.

'जेवणाच्या सुट्टीत लिहिला होता,' काका एकदम म्हणाले. 'कंपनीच्या वेळेत नाही. मी डबा पाच मिनिटांत खाल्ला आणि मग बसलो. हे सांगितलंत का तुम्ही त्यांना?'

'नाही,' मी म्हणाले.

'ते सांगायला हवं होतं.'

नोकरी गेली त्याबद्दल ते मला एक शब्द बोलले नाहीत. पण हे त्यांनी आम्ही निघेपर्यंत आणखी दोनदा सांगितलं. एकोणीस वर्षांत कंपनीच्या वेळेत स्वतःचं काम केलं नाही, आणि जाताना तसं समजून पाठवलं. त्यांना तेच लागलं होतं. बाई उठल्या आणि म्हणाल्या, 'मी सांगते त्यांना.' चहा आम्हाला मिळाला. आम्ही तो प्यायलो. न पिता उठणं बरं दिसलं नसतं.

परतताना रिक्षात मी म्हणाले की मी राजीनामा देते. बाई म्हणाल्या, 'राजीनामा देऊन सुटशील. राहा इथेच.' मग जरा वेळाने, रस्त्याकडे बघतच, त्यांनी विचारलं, 'तुझे वडील आता कसे आहेत गो?'

वडील जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. मी ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं, चार दिवस गावी जाते एवढंच म्हटलं होतं. आता सांगितलं. बाईंनी माझा हात धरला नाही की काही नाही. पण मरोळ येईपर्यंत त्या विचारत राहिल्या. काय झालं होतं, काम कुठे करायचे, मिल बंद पडल्यावर काय केलं, आई जेवते का नीट. चार वर्षांचं एकदम विचारून घेतलं. मला तेव्हा लक्षात आलं की कोणाचं काही ऐकायचं नाही हे ठरवता ठरवता त्यांनी विचारणंही सोडून दिलं होतं, आणि त्याचा त्यांनाही त्रासच होत असणार. मी त्यांना दगड समजत होते, हे मात्र मी कबूल केलं नाही. सगळंच सांगायचं धैर्य एका दिवसात येत नाही.

रिक्षा आम्ही ऑफिसला नेली नाही, थेट त्या कंपनीत नेली. बाई मालकांच्या केबिनमध्ये गेल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, 'बायोडेटा त्यांनी जेवणाच्या सुट्टीत लिहिला होता. हे आमच्याकडून सांगायचं राहिलं.'

मालक म्हणाले, 'त्याने काय फरक पडतो?'

'त्यांना पडतो. आणि आमचा प्रोग्राम आम्ही काढून नेतोय.'

मालकांनी आवाज चढवला, ट्रायल महिन्याची होती वगैरे. बाई तोवर बाहेर आल्या होत्या. अकरा मशीनं. प्रत्येक टेबलापाशी त्या थांबायच्या आणि तेच म्हणायच्या, 'तुमच्या मशीनवर आमचा एक प्रोग्राम होता. त्यातून तुमचा पडदा आम्हाला दिसत होता. तुम्हाला आम्ही विचारलं नाही, ती चूक आमची. आता काढतोय.' मग मी खाली वाकून तो काढायचे.  एका मुलीने तिची खुर्ची जरा मागे घेतली, एवढंच. काकांची खुर्ची रिकामी होती. तिथेही बाई थांबल्या, पण तिथे त्या काही बोलल्या नाहीत.

ते गिऱ्हाईक गेलं. मालकांनी आणखी दोघांना आमच्याबद्दल सांगितलं, तेही गेले. भाऊ माझ्याशी महिनाभर तुटक वागला. म्हणायचा, 'चूक तू केलीस ते ठीक. पण ऑफिसभर फिरून जाहीर करायची काय गरज होती? वाट लागेल अशाने धंद्याची.' त्याचंही अगदीच चूक नव्हतं. बाई शहाणपणाने वागल्या असं मी आजही छातीठोक म्हणणार नाही. काकांची नोकरी त्याने परत आली नाही.

त्यानंतर बाईंनी ते दुसरं सॉफ्टवेअर आठवडाभर स्वतःच्या बोरिवलीच्या घरातल्या मशीनवर लावलं आणि मला बजावलं, 'मला न सांगता कधीही बघ.' मी एकदाही पडदा उघडला नाही. आठवड्याने त्या म्हणाल्या, 'तू बघितलं नसशील, मला ठाऊक आहे. तरी सात दिवस मला मुलीला पत्र लिहिता आलं नाही.'

मग जे कोणी रिमोट विकायला फोन करील त्याला त्या एकच प्रश्न आधी विचारायला लागल्या. डिस्कचं नाही, अपडेटचं नाही. 'समोरच्याला कळतं का?' बहुतेकांना वाटायचं, बाईंना कळू नये असंच हवंय, आणि ते पुन्हा हौसेने सांगायचे की काही कळत नाही, मॅडम. कॉल तिथेच संपायचा. न सांगता, लाइन कट.

शेवटी एका मुलीने सांगितलं, 'आमच्यात युजरला विचारणारी चौकट येते. तो हो म्हणाला तरच पडदा दिसतो. पण काळजी करू नका, ती बंद करता येते.'

'ती कोणालाच बंद करता येणार नाही, असं करता येतं का?' बाईंनी विचारलं.

हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. दोन दिवसांनी तिचा फोन आला. करता येतं. पण मग ती सेटिंग बदलायचा पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवावा लागेल. बाईंनी तो एकाकडे ठेवला नाही. अर्धा पासवर्ड त्यांनी टाइप केला, आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवली. मग त्या उठल्या, त्यांनी तोंड फिरवलं आणि उरलेला अर्धा मला टाइप करायला लावला. मी काय लिहिलं ते त्यांना माहीत नाही, त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. मी हातात तेवढा विश्वास घेऊन नुसती बसून राहिले होते, तेव्हा भाऊ म्हणाला, 'अगं, टाइप कर ना.'

ते सॉफ्टवेअर काही फार हुशार नव्हतं. डिस्क, अपडेट, अँटीव्हायरस, सगळं आपोआप बघायचं, पण पडदा हवा असला की विचारावं लागायचं. माणूस चहाला गेला असला की चौकट तशीच ताटकळत राहायची आणि आम्हीही. लॅबला मात्र त्यानंतर एकदाही डिस्क भरल्याचा त्रास झाला नाही. कोणाचा पडदा न बघता तेवढं करता येत होतं. ते आधीच्यातही येत होतं, ही गोष्ट वेगळी.

वर्षभराने ऑफिसात फोन वाजला. बाई उठल्या, नंबर म्हणाल्या आणि मग बराच वेळ ऐकत राहिल्या. काका होते. घाटकोपरला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे लागले होते, तिथे पाच-सहा मशीनं होती आणि ती बघायला कोणी नव्हतं. त्यांनी तिथल्या मालकाला आमचं नाव सुचवलं होतं. मी बाईंना म्हणाले की तिथे भाऊला पाठवा. बाईंनी ऐकलं नाही. मीच गेले, सगळ्यांना सांगून, एकेकाला दाखवून प्रोग्राम बसवला. काकांनी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलणं ठेवलं. रागाने नाही, पण पूर्वीसारखंही नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या मशीनवरून मालाचं चलन छापलं जात नव्हतं. त्यांनी फोन करून सांगितलं, मी म्हटलं बघते, आणि पडदा मागितला. इथून काय जातं ते मला माहीत होतं. त्यांच्या समोर चौकट येणार, आमच्या कंपनीचं नाव, माझं नाव, आणि खाली हो किंवा नाही.

तिकडून 'नाही' आलं.

मला वाटलं, चुकून दाबलं गेलं. मी फोन केला. 'काका, तुमच्याकडे एक चौकट आली असेल.'

'आली ना. मीच नाही म्हटलं,' काका म्हणाले. 'दाराशी गाडी लागलीय, ड्रायव्हरशी बोलतोय. दहा मिनिटांनी या.'

'बरं,' मी म्हणाले.

बाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, 'काय झालं?'

'नाही म्हणाले. दहा मिनिटांनी या म्हणाले.'

बाईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि माझ्या बाजूला बसल्या. दुसरं काही काम आम्ही काढलं नाही. दहाची बारा मिनिटं झाली तेव्हा मी पुन्हा विचारलं. या वेळी तिकडून हो आलं.